नाव नको, कृती सांगा

परवा दिलसुखनगरच्या चौकात तरवडाच्या फुलांचे भारे येऊन पडले आणि मी स्कूटर थेट पदपथाला लावली. मागून बसवाल्यानं हॉर्नचा बोभाटा केला, तेलुगूत माझा उद्धारही केला, पण मी काही हलले नाही. इथं ह्या फुलांना तंगेडू म्हणतात. वर मेट्रो धडधडत असते आणि खाली गोणपाटावर नलगोंड्याकडच्या बाया ही पिवळीजर्द फुलं मांडून बसतात. आमच्या सासवडला ह्या झाडाला शेळीसुद्धा तोंड लावत नाही, असं आई पहिल्यांदा फुलं बघून म्हणाली होती. आणि इथं बघा! ताटात थरावर थर रचून ह्याच तरवडाची बतकम्मा होते, डोक्यावर हळदीची गौर बसते, बायका भोवती टाळ्या देत फेर धरतात. ज्याला शेळी विचारत नाही, त्याला हैदराबादनं देव्हाऱ्यात बसवलं.

एक भारा घेतला. घरी येईपर्यंत पाकळ्या केसांत, पर्समध्ये, कुठं कुठं शिरल्या. दारातच मुलगी म्हणाली, "ममा, मार्केट लूटके आयी क्या?" माझ्या मुलीचं मराठी हे असं आहे. बोलते झकास, पण तीन वाक्यांत तीन भाषा, आणि मराठी वाचायला दिलं की बोट ठेवून, ठेचकाळत वाचते. आई खुर्चीतून म्हणाली, "देठं लांब ठेवली आहेत ना? नाहीतर थर बसत नाहीत." आईचं वय झालंय, ऐकायलाही जरा कमी येतं, पण हुकूम सोडायला तिला कान लागत नाहीत.

नवरात्र आलं की मला एकच नवरात्र आठवतं. साल नका विचारू. मी अकराएक वर्षांची होते. गच्चीगच्चीवरून केबलच्या काळ्या वायरी नुकत्या लोंबायला लागल्या होत्या, कोपऱ्यावर पिवळ्या पाटीचा एसटीडी बूथ निघाला होता, आणि 'परदेशी कंपन्या येणार' हे वाक्य बाबा पावसाचा अंदाज सांगावा तसं रोज सांगायचे. बाबा उदगीरकडचे. घरची शेती, निजामाच्या वेळेपासून घरात थोडी उर्दू, थोडी तेलुगू. औषधाच्या गोळ्या बनवणाऱ्या एका नव्या कारखान्यात त्यांना नोकरी लागली आणि ते आम्हाला घेऊन दिलसुखनगरच्या पलीकडल्या ह्या कॉलनीत आले. कॉलनी कसली, द्राक्षाच्या बागा तोडून पाडलेले प्लॉट! अर्धे बांधलेले, अर्ध्यांवर अजून सिमेंटचे खांब नि तारा. पाण्याचा टँकर एक दिवसाआड. रस्ता म्हणजे लाल माती. पण माणसं? अहो, देशभरातली माणसं कुणीतरी सुपात घालून पाखडली आणि आमच्या गल्लीत पडली.

डावीकडे सुशीलाक्का. वरंगलकडची, आडव्या बांध्याची, नवरा वीज खात्यात. उजवीकडे तमिळ मामी, सगळी गल्लीच त्यांना मामी म्हणायची. त्यांचे यजमान सिकंदराबादला रेल्वेत होते, निवृत्तीनंतर इथं घर बांधलेलं, दारात रोज पहाटे तांदळाच्या पिठाची रांगोळी. समोर बिल्किस आपा, नवरा आखातात, ती घरी ब्लाउज शिवायची, दोन मुली आणि एक कडक सासू. आणि टोकाला मनजीत आंटी, त्यांचे सरदारजी ट्रकचे सुटे भाग विकायचे, आणि आंटींचा आवाज एवढा की त्यांनी घरात मुलाला हाक मारली तरी आम्ही ओ द्यायचो.

सकाळी आमच्या गल्लीत नाकानं उठायचं असे. मामींकडून कॉफीचा वास, सुशीलाक्काकडून चिंचेच्या साराला दिलेल्या फोडणीचा ठसका, आपांकडून तव्यावरच्या अंड्याचा, आंटींकडून मुळ्याच्या पराठ्याचा. आमच्याकडून कांदेपोह्यांचा. दूधवाला यादव एकाच फेरीत पाच भाषांत 'पाणी घातलेलं नाही' म्हणायचा आणि पाचही भाषांत ते खोटं असायचं. आम्हा पोरांना कुणी काही शिकवलं नाही. संध्याकाळी लगोरी खेळता खेळता भांडायचं कुठल्या भाषेत, चिडवायचं कुठल्या भाषेत, माफी कुठल्या भाषेत मागायची, हे आपोआप ठरून गेलं. भांडायला दख्खनी. तिच्यासारखी भांडायची भाषा जगात नाही.

हे सगळं मला आता रम्य वाटतं. तेव्हा माझ्या आईला ते अजिबात रम्य नव्हतं.

आई म्हणजे बोलघेवडी बाई. सासवडला एसटी स्टँडवर भाजी आणायला गेली तर तीन मैत्रिणी, एक भांडण आणि कुणाच्या तरी घरची सोयरीक घेऊन परत यायची. इथं तिचं तोंड शिवल्यागत झालं. दुकानात बोट दाखवायची. भाजीवालीशी घासाघीस करता येत नाही म्हणून डोळ्यांत पाणी आणायची. हिंदी तिला कळायचं, पण इथलं हिंदी ते हिंदी नव्हतंच. "नक्को म्हणे! नको म्हणताना ह्यांना दोन क कशाला लागतात?" असं ती भिंतीशी बोलायची. शेजारणी हसायच्या, ही हसायची, आणि दोन्हीकडून दारं लागायची. दीड वर्ष असं गेलं. बाबा कामावरून येऊन "आज काय विशेष?" म्हणाले की ती म्हणायची, "विशेष काय? आज मी सकाळपासून दोन वाक्यं बोलले. दोन्ही कुकरशी."

भाद्रपदात तिनं ठरवून टाकलं. नवरात्रात मला घेऊन ती सासवडला माहेरी जाणार, दसरा तिथं करणार आणि परत येणारच नाही. मामाच्या गावच्या शाळेत माझं नाव घालायचं. बाबांनी इथं एकटं राहायचं, सुट्टीत यायचं. "पोरीची भाषा जाईल, आणि माझं डोकं," ती म्हणाली. बाबा वाद घालणारे नव्हतेच. त्यांनी सिकंदराबादला जाऊन पुण्याच्या गाडीची तिकिटं काढून आणली, सहाव्या माळेची. ती देवाजवळ ठेवली आणि गच्चीवर जाऊन उभे राहिले. मी मागून गेले तर म्हणाले, "स्टोव्ह पेटवायला शिकतो आता, दुसरं काय." मला रडू आलं. मला ना ही गल्ली सोडायची होती, ना बाबांना. पण अकरा वर्षांच्या पोरीला कोण विचारतं!

तर जाण्याआधी एकदा भोंडला करायचा, असं आईच्या मनात आलं. आमच्याकडे घट नसतात, ते उदगीरला थोरल्या काकांकडे, त्यामुळे नवरात्र असं सुनंसुनंच. भोंडला तेवढा तिचा स्वतःचा, माहेराहून आणलेला. पाटावर हत्ती काढायचा, पोरींनी हात धरून भोवती फेर धरायचा, गाणी म्हणायची, आणि शेवटी खिरापत. ती झाकून ठेवायची, आणि पोरींनी ओळखल्याशिवाय झाकण उघडायचं नाही. खरी गंमत तिथंच. आईनं बाबांना सांगितलं, "सुशीलाच्या मुलीला, स्वप्नाला, आणि आणखी चारपाच मुलींना पाठवायला सांगा."

बाबांच्या उदगीरला भोंडला माहीत नाही. त्यांनी कुंपणावरून निरोप दिला, तो मी स्वतः ऐकला. "आक्का, शाम कू आओ. हमारे घर में बतकम्मा है, मराठी बतकम्मा."

"हौ? तुम्हारे में बी रहता?" सुशीलाक्काचे डोळे मोठे झाले.

"रहता, रहता. बच्चियाँ घूमते, गाने गाते, बाद में खाते." एवढंच बोलून बाबा कारखान्यात निघून गेले. पुरुष माणसानं निरोप द्यावा तो असा.

संध्याकाळी आई दारात हत्ती काढून बसली. रांगोळीचा, अंगावर झूल, चार कोपऱ्यांना झेंडूची फुलं. आत पितळी डबा, त्यात वाटली डाळ, मोजून सहा पोरींपुरती. आणि फाटक वाजलं. पुढे सुशीलाक्का, जरीची साडी, डोक्यावर हातभर उंच बतकम्मा. मागे तिच्या जावा, नणंदा, वीज खात्यातल्या बायकांची रांग, प्रत्येकीच्या हातात फुलांचं ताट. मामी डबा घेऊन. बिल्किस आपा दोन्ही मुलींना चमकीचे दुपट्टे घालून. मनजीत आंटी, "लो जी, हम भी आ गये!" म्हणत. अंगण भरलं, ओटा भरला, पायऱ्या भरल्या. आई हातात रांगोळीची चिमूट घेऊन तशीच बसलेली. बायकांनी हत्तीच्या चहूबाजूंनी बतकम्मा मांडल्या. हत्ती बिचारा फुलांच्या गर्दीत दिसेना.

आणि मग व्हायचं ते झालं. सुशीलाक्काच्या घरच्या रीतीत प्रसाद कधी लपवून ठेवत नाहीत. ती सरळ आत गेली, "क्या बनाए जी?" म्हणत तिनं पितळी डब्याचं झाकण उघडलं.

"अहो, झाकण! झाकण ठेवा आधी!"

आई ओरडली. अशी ओरडली की अख्खी गल्ली चिडीचूप झाली. दीड वर्षात ह्या बाईचा आवाज कुणी ऐकला नव्हता. सुशीलाक्का झाकण हातात धरून पुतळा झाली. मामींनी कपाळाला हात लावला. मला वाटलं, संपलं, आता सगळ्या रागावून घरी जाणार. मी धावत मध्ये गेले आणि चार भाषांची खिचडी करून सांगितलं की हे बघायचं नसतं, ओळखायचं असतं, न ओळखता झाकण काढलं की खेळच संपतो.

मग मनजीत आंटी म्हणाल्या, "ओये, ये तो मज़े की बात है!" आणि हास्याचा जो स्फोट झाला, त्यात आईसुद्धा हसायला लागली. सुशीलाक्कानं झाकण ठेवलं आणि दोन्ही कान पकडले. "मैं नै देखी जी. अल्ला कसम, वेंकटेश्वर कसम, नै देखी."

फेर झाला. अर्ध्या बायका हात धरून, अर्ध्या टाळ्या देत. आधी आईची गाणी, मग त्यांची. शब्द कुणालाच कळत नव्हते. पण आमच्या गाण्यांतल्या सुनांचं जे दुखणं, सासू, नणंद, माहेर, ते मी मध्ये मध्ये सांगत होते, तर आंटी म्हणाल्या, "ये तो मेरी सास है!" बिल्किस आपांनी फक्त समोरच्या आपल्या दाराकडे बघितलं आणि तोंडात पदर घातला.

मग आली ओळखायची वेळ. आई डब्यावर हात ठेवून न्यायाधीशासारखी बसली. मामींनी नुसतं नाक वर केलं. "उसिली!" आई म्हणाली, नाही. वाटली डाळ. मामी म्हणाल्या, तेच ते, हरभऱ्याची डाळ भिजवून वाटायची, त्यालाच आम्ही उसिली म्हणतो, फक्त आम्ही त्यात शेंगा घालतो. सुशीलाक्काकडे त्याला तिसरंच नाव. बिल्किस आपा म्हणाल्या, "दाल का कुछ बी है, नाम में क्या रक्खे!" मोठा कज्जा झाला. मामी जिंकल्या की हरल्या? पोरी दोन पक्षांत वाटल्या गेल्या. नावं सगळ्यांची बरोबर आणि सगळ्यांची चूक. मामींचा चेहरा उतरलेला बघून आईच्या मनात काय आलं कोण जाणे, ती एकदम म्हणाली, "बरं, असं करू. नाव नको, कृती सांगा. जी बरोबर कृती सांगेल ती जिंकली."

मामी उठल्या. साडी खोचली. हातांनी डाळ निवडली, हातांनी भिजवली, हातांनी पाटा-वरवंटा फिरवला, फोडणीत मोहरी तडतडवली, खोबरं खोवलं, वर कोथिंबीर भुरभुरली. तमिळ, हिंदी आणि हवेत फिरणारी दहा बोटं. आई एकेका पायरीला मान डोलवत होती. शेवटी मामींनी चिमटीनं थोडा हिंग घातला आणि आईनं टाळी दिली, "जिंकल्या!" मग झाकण उघडलं. सहा पोरींची डाळ तीस जणींत वाटली, प्रत्येकीला बोटभर आली आणि कुणाची तक्रार नव्हती.

भोंडल्याची एक रीत अशी की तो एका घरात थांबत नाही. आज हिच्याकडे, उद्या तिच्याकडे, आणि ज्या घरी जाईल त्या घरची खिरापत. हे मी सांगून बसले. झालं! दुसऱ्या दिवशी सुशीलाक्काकडे, तिसऱ्या दिवशी मामींकडे. घरं रांगेत उभी राहिली. आणि पाटावर हत्ती काढायला, गाणी धरायला आई एकटीच, त्यामुळे तिला प्रत्येक ठिकाणी जाणं भागच.

त्या चार दिवसांत मी माझी आई परत मिळताना बघितली. भाषा अशी शिकतात, हे मला तेव्हा समजलं नव्हतं, आता समजतं. वस्तूंची नावं शिकून काही होत नाही, वस्तू बोटानंही दाखवता येते. कृती सांगायची तर क्रियापदं लागतात. भिजवा, वाटा, परता, उतू जाऊ देऊ नका. खिरापत ओळखायची म्हणून आई दुपारभर सुशीलाक्काच्या स्वयंपाकघरात हेरगिरी करायला लागली. नानबेट्टाली म्हणजे भिजवायचं, रुब्बाली म्हणजे वाटायचं, पोपु म्हणजे फोडणी. भांडी घासताना ती हे पाठ करायची. मामींच्या घरी त्यांच्या नवरात्राच्या रीतीप्रमाणे बाहुल्यांच्या पायऱ्या मांडलेल्या, राजा-राणी, लग्नाची वरात, मधेच रेल्वेचं खेळण्यातलं इंजिन. तिथं मामींनी पाच कडधान्यांचं सुंडल, म्हणजे त्यांच्याकडची सुकी उसळ, करून सगळ्यांना हरवलं, कारण पाचवं कडधान्य कुणालाच सांगता येईना. दोन दिवस आई त्या पाचव्या कडधान्याच्या विचारात होती. बाबा म्हणाले, "अगं, विचार की सरळ." आई म्हणाली, "विचारलं तर हरले ना!"

बिल्किस आपा मात्र विचारताना जरा अडखळल्या. त्या वर्षांत शहरात मधूनमधून संचारबंदी लागायची, जुन्या शहराकडून काही ऐकू आलं की आमच्या गल्लीतसुद्धा माणसं आवाज बारीक करून बोलायची. त्या फाटकाशी उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "हमारे घर बी आते क्या जी, तुम लोगां?" आईला प्रश्नातला प्रश्न कळला. ती मराठीतच म्हणाली, "न यायला काय झालं? खिरापत चांगली करा म्हणजे झालं." मला भाषांतर करावं लागलं नाही.

आपांच्या अंगणात हत्ती निघाला. कडक सासूनं खुर्ची बाहेर मागवली आणि "सूंड टेढ़ी है" म्हणून पहिली चूक काढली. आईनं निमूटपणे सोंड पुसून पुन्हा काढली. फेर झाला. मग झाकलेली परात आली आणि सगळ्यांनी आईला पुढे ढकललं. "आज तुम बोलो." आई उभी राहिली. कान लाल. आणि माझ्या आईनं, जिला दुकानात शेंगदाणे मागता येत नव्हते, अख्ख्या गल्लीसमोर सांगितलं, "गरम गरम रोटी लेने का. हात से बारीक चूरने का. गूळ डालने का, घी डालने का, और, और मसलने का. जोर से. खसखस, खोबरा, इलायची. बाद में लड्डू नै बांधने का, वैसाच रखने का." सासूबाईंनी परातीवरचं कापड स्वतः ओढलं. मलिदा! "शाबास बहू," त्या म्हणाल्या. आपा बघतच राहिल्या. सात वर्षांत त्यांना हे ऐकायला मिळालं नव्हतं.

आई घरी आली. आणि मग तिला देवाजवळची तिकिटं दिसली.

आपण जाणार हे आपांच्याच अंगणात तिनं सांगितलं होतं खरं. मनजीत आंटी म्हणाल्या, "परसों मेरे घर, पक्का!" आई म्हणाली, "परवा मी नाही. गाँव जाती." कधी परत, असं कुणीतरी विचारलं. आईला खोटं बोलता येत नाही. "नै आती," ती म्हणाली. मला वाटलं होतं, सगळ्या तिला घेरतील, हात धरतील, जाऊ नको म्हणतील. सुशीलाक्का नुसतं "अच्छा," म्हणाली. मग म्हणाली, "तो गाने सिखा के जाओ. अगले साल हम कर लेते." झालं. एवढंच.

आईला ते लागलं. दुसऱ्या दिवशी तिनं ओट्यावर बसून सगळ्यांना गाणी शिकवली, ओळीओळीनं, चालीसकट. पण रात्री जेवताना म्हणाली, "एकीनं तरी 'राहा' म्हणावं? हत्ती काढायला हवा म्हणून मी, गाणी मिळाली की झालं." बाबा ताटाकडे बघत म्हणाले, "मी म्हणू का?" आई म्हणाली, "तुम्ही जेवा." आणि उठून कपडे बांधायला लागली, जरा जास्तच आपटून.

सहाव्या माळेला दुपारी चारला रिक्षा आली. वळकटी, ट्रंक, डबा, मी. बाबा रिक्षावाल्याशेजारी अर्धे बाहेर लोंबत बसले. गल्लीत निरोपाला कुणीच नाही. आई तोंड घट्ट मिटून समोर बघत होती. रिक्षा टोकाला आली आणि मनजीत आंटींच्या अंगणातून आवाज आला. भोंडला सुरू झाला होता! आम्ही जायचीसुद्धा वाट बघितली नव्हती.

आईनं मान वळवली. मीही बघितलं, आणि काय सांगू! पाटावर जो प्राणी होता त्याला हत्ती म्हणणं म्हणजे हत्तीचा अपमान. म्हशीला नळी लावल्यासारखा दिसत होता. पहिलं गाणं सोडून भलतंच मधलं गाणं चाललेलं, तेही बतकम्माच्या चालीवर. फेर उलटा. आणि सगळ्यात भयंकर म्हणजे परात उघडी! गाणी व्हायच्या आधी, ओळखायच्या आधी, झाकण बाजूला ठेवून बायका सरळ हलवा खात होत्या. सुशीलाक्का तर बोटं चाटत फेर धरत होती.

"थांबवा," आई म्हणाली. रिक्षावाल्याला मराठी येत नव्हतं, तरी त्यानं ब्रेक मारला.

"अगं, गाडी," बाबा म्हणाले.

"पाच मिनिटं. हे असं ठेवून जाऊ?" ती उतरली, पदर खोचला, फाटक ढकलून आत गेली, आणि तिचा आवाज आला, "झाकण! आधी झाकण ठेवा! सुशीला, थूक तो हलवा!" बाबांनी माझ्याकडे बघितलं. मी बाबांकडे. बाबांनी एकदाच घड्याळाकडे बघितलं, मग मनगट उलटं करून मांडीवर ठेवलं.

पाच मिनिटांत हत्ती पुसून नवा काढून होत नसतो. गाणी पहिल्यापासून घ्यायची तर पहिल्यापासूनच घ्यावी लागतात. अंधार पडायला लागला तेव्हा रिक्षावालाही आत येऊन हलवा खात बसला होता, आणि पुण्याची गाडी आमच्याशिवाय बरीच पुढे गेली असणार. आई घामाघूम होऊन बाहेर आली. ट्रंकेकडे बघून म्हणाली, "ही उतरवा आता. उद्या सुशीलाच्या जावेकडे आहे. तिला काही येत नाही." बाबांनी ट्रंक खांद्यावर घेतली आणि एवढ्या जड ट्रंकेसकट जवळजवळ पळत घरी गेले.

ती ट्रंक पुन्हा बांधली गेली नाही. सासवडला आम्ही जायचो, उन्हाळ्यात, आणि आठ दिवसांत आईला तिथं चिंचेचं सार आठवायचं. द्राक्षाच्या बागांच्या जागी आता आमच्या इमारती आहेत, आपा मुलीकडे गेल्या, आंटींचं घर विकलं, मामी तर गेल्याच. पण भोंडला होतो. खाली पार्किंगमध्ये, गाड्या बाजूला काढून. आता ओडिया आहेत, बिहारी आहेत, पुण्याहून कॉम्प्युटरवाल्या आल्या आहेत, ज्यांना भोंडल्याची गाणी मोबाइलवर बघून म्हणावी लागतात. नियम मात्र आमच्या गल्लीचाच आहे. नाव नको, कृती सांगा.

तर परवा तरवडाची फुलं निवडत आम्ही बसलो होतो, आणि सुशीलाक्का आली. गुडघे गेलेत, नातू हात धरून आणतो. आईच्या पलंगावर ऐसपैस बसून तिनं फुलं पुढे ओढली आणि हात चालता चालता गुणगुणायला लागली. आमचीच गाणी. माझ्या मुलीनं मोबाइल पुढे धरला, म्हणाली, "अम्मम्मा, पूरा गाओ ना." सुशीलाक्कानं म्हटली. पहिल्यापासून शेवटपर्यंत, ओळीनं, आमच्या चालीवर. एक शब्द चुकला नाही, एक ओळ पुढेमागे झाली नाही. मी फुलं बाजूला सारून तिच्याकडे वळले.

"आक्का, मनजीत आंटी के घर उस दिन तो एक बी नै आया था तुमकू!"

ती फुलाचं देठ दातानं तोडत हसली. "उस दिन बी आता था. मैंच बोली सबकू, रिक्षा दिखी के पैले खाओ, बाद में घूमो. उलटा घूमो. हाथी बी मैंच बिगाड़ी." मग आईकडे बघून डोळा मारला. "रुको बोले तो रुकती क्या, ये बाई?"

मी टुणकन उठले. आईच्या कानाशी जाऊन मोठ्यानं म्हणाले, "आई, ऐकलंस का? हिनं फसवलं तुला! सगळं मुद्दाम केलं होतं!"

आईनं हातातली फुलं थरात नीट बसवली. "फसवलं कसलं? मला रिक्षातच कळलं होतं. सुशीलाला गाणी पाठ होती, आदल्या दिवशी मीच तर घोकून घेतली होती."

"मग उतरलीस कशाला?"

"कळलं म्हणून तर उतरले," आई म्हणाली.